कॅप्टनचं हसरं कासव

"ढब्बू, मार उडी!"

"मारतो गं. घाई काय आहे? समुद्र कुठे पळून जातोय?"

"समुद्र नाही, कासव पळून जाईल!" टिटवी पाण्यातून ओरडली. तोंडात स्नॉर्केलची नळी असल्यामुळे ते 'फाफव फफून फाईल' असं ऐकू आलं. पण नळी काढून बोलण्याइतका धीर तिला कधीच नसायचा. टिटवी हे नाव तिला उगाच पडलं नव्हतं.

ढब्बू बोटीच्या कठड्याला घट्ट धरून बसला होता. अंगात लाइफ जॅकेट, कमरेला रबरी टायर आणि दोन्ही दंडांना फुगे! त्याने ठरवून बुडायचं म्हटलं असतं तरी त्याला बुडता आलं नसतं. पण पाणी गुडघ्यांच्या वर आलं की तो उलट्या पावली काठाकडे पळायचा, त्याला तो तरी काय करणार?

"मी वरूनच बघतो. कोणीतरी लक्ष ठेवायला नको का?" तो म्हणाला.

"कशावर?"

"तुमच्या चपलांवर!"

चौघंही एकाच शाळेतली. टिटवी, ढब्बू आणि वकील एका वर्गात. वकील अर्थातच खरा वकील नव्हता. पण 'सूर्य पूर्वेला उगवतो' असं म्हटलं तरी तो 'पुरावा काय?' असं विचारायचा. चौथी टिटवीची धाकटी बहीण. टिटवी जाईल तिथे ती मागोमाग हजर, म्हणून तिला सगळे शेपूट म्हणायचे. या नावाचा तिला राग येत नसे. "शेपटीशिवाय माशाला वळता येत नाही," असं ती ठसक्यात सांगायची.

सुट्टीत ही चौकडी टिटवीच्या मावशीकडे आली होती. मावशी पाणबुडी होती. म्हणजे बोट नव्हे, माणूस! बंदराच्या धक्क्यावर तिचं छोटंसं डायव्हिंग केंद्र होतं. पत्र्याच्या शेडमध्ये हवेच्या टाक्या ओळीने उभ्या असत आणि दोरीवर काळे रबरी पोशाख उलटे टांगलेले असत. पहिल्या दिवशी ते बघून ढब्बू किंचाळत बाहेर पळाला होता. मावशीने मुलांना मास्क लावायला, नळीने श्वास घ्यायला, पायातले रबरी पंख न आपटता हलवायला शिकवलं. तिच्याबरोबर पोहताना ढब्बू सोडून सगळ्यांनी निळे-पिवळे मासे पाहिले, प्रवाळ पाहिलं, वाळूत लपलेला एक खेकडा पाहिला. कासव मात्र दिसलं नाही.

"कासव काय आपल्या वेळापत्रकावर चालतं?" मावशी म्हणायची. "दिसलं तर दिसलं. नाहीतर नाही."

शेजारच्या कॅप्टनचं मात्र तसं नव्हतं. त्याच्या टपरीवर भलामोठा फलक होता : 'कासव दिसणार म्हणजे दिसणारच!' त्यामुळे सगळे पर्यटक त्याच्या बोटीत आणि मावशीची बोट धक्क्याला बांधलेली. शेवटी मुलांनी इतका हट्ट धरला, की मावशीच म्हणाली, "जा बाबांनो, एकदा बघून या त्याचं कासव!"

म्हणून आज ही चौकडी कॅप्टनच्या बोटीवर होती.

"चला, चला! कासवाभोवती गोल करा!" कॅप्टनने शिट्टी फुंकली. डोक्यावर पांढरी टोपी, तिच्यावर सोनेरी नांगर आणि खाली अशा मिशा, की जणू टोपी पडू नये म्हणून खालून टेकू दिलाय. "दोराच्या आत कोणी जायचं नाही! कासव फार लाजाळू आहे!"

पाण्यावर तरंगत्या गोळ्यांचा दोर गोल बांधला होता. दोराच्या बाहेर तरंगत सगळ्या पर्यटकांनी माना खाली घातल्या. हिरवट, धुरकट पाण्यात, तळाशी शेवाळाच्या गर्दीत, खरंच एक मोठं कासव बसलं होतं!

नळ्यांमधून एकदम 'हू हू हू' असे आवाज निघाले. टिटवीचा तर आनंद पोटात मावेना. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की मागे शेपूट नाही. शेपूट एक खोल श्वास घेऊन दोराखालून आत सटकली होती आणि बेडकासारखे पाय मारत कासवाकडे निघाली होती!

कॅप्टनने शिट्टी फुंकून फुंकून गाल लाल केले. "ए पोरी! बाहेर हो! वेळ संपली! सगळे वर या!"

शेपूट वर आली, मास्क कपाळावर सरकवला आणि धापा टाकत म्हणाली, "ताई, ते कासव हसतंय!"

"हसतंय?"

"खरंच! असं!" आणि तिने दोन्ही कानांपर्यंत तोंड फाकवून दाखवलं.

बोटीतले सगळे पर्यटक खो-खो हसले. कॅप्टन सगळ्यांत जोरात हसला. पण हसताना त्याने टोपी काढून घाम पुसला, हे ढब्बूने पाहिलं.

घाम? आणि गार वारं सुटलेलं असताना?

धक्क्यावर परतल्यावर ढब्बूने सगळ्यांना एका उलट्या होडीमागे ओढलं. "मी तुम्हाला एक सांगू? आपण तिथे होतो तेवढा वेळ मी पाण्यावरच बघत होतो."

"चपलांवर नाही?"

"चपलांवरही! पण ते कासव श्वास घ्यायला एकदासुद्धा वर आलं नाही. मावशी म्हणाली होती ना, कासवाला आपल्यासारखीच हवा लागते?"

"हरकत आहे!" वकील म्हणाला. "कासव झोपलं असेल तर बराच वेळ खाली राहू शकतं. हेही मावशीच म्हणाली होती."

"झोपेत हसत होतं?" टिटवीने विचारलं.

"गोड स्वप्न पडलं असेल!"

"आणि कॅप्टनकाकांना घाम का फुटला?"

"याची मात्र चौकशी झाली पाहिजे," वकील म्हणाला. आणि वकिलाने हरकत घेतली नाही म्हणजे प्रकरण गंभीर होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने चौघांना पाव आणायला पिटाळलं. बेकरीच्या वाटेवर एक छोटी बाग होती. बागेत लहान मुलांसाठी फायबरचे प्राणी होते, प्रत्येकाच्या पोटाखाली जाड स्प्रिंग. वर बसून पुढे-मागे डुलायचं! शेपूट पळत जाऊन बदकावर बसली. एक झोका घेतला, दुसरा घेतला आणि एकाएकी तिने पाय टेकून बदक थांबवलं. त्याच्या तोंडाकडे ती टक लावून बघायला लागली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "हे बघ. अस्संच हसत होतं ते!"

बदकाच्या चोचीवर कानापर्यंत लाल हसू रंगवलेलं होतं. शेजारच्या सशाच्या तोंडावर तेच हसू. हत्तीच्या सोंडेखाली तेच हसू. आणि हत्तीच्या पलीकडे एक रिकामा सिमेंटचा चौथरा. त्यातून फक्त गंजके बोल्ट वर आले होते.

"माळीकाका!" टिटवी धावलीच. "इथे कुठला प्राणी होता हो?"

माळीकाका झाडांना पाणी घालत होते. "तिथे ना? कासव होतं. रंग उडाला होता बिचाऱ्याचा. कॅप्टन म्हणाले, मी नेतो, रंगवून आणतो. फुकटात! भला माणूस हो!"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग जी धूम ठोकली ती थेट मावशीच्या शेडमध्ये! पाव बेकरीतच राहिले.

मावशी टाक्यांमध्ये हवा भरत होती. हवा भरण्याचं यंत्र असं धडधडत होतं, की टिटवीलाही आवाज चढवावा लागला. आणि आवाज चढवलेली टिटवी म्हणजे बंदरावरचे बगळे उडालेच! तिने सगळी हकीगत एका दमात ओतली.

मावशीने यंत्र बंद केलं. हात पुसले. ती हसेल असं मुलांना वाटलं होतं, पण ती हसली नाही.

"असेल," ती म्हणाली. "पण मी यात पडणार नाही."

"का?" चौघं एकदम ओरडली.

"मी बोलले तर लोक काय म्हणतील? हिच्याकडे गिऱ्हाईक येत नाही म्हणून जळते. आणि खोटं असलं तरी कासवच आहे ना? कोणाला चावत तर नाही! हा हंगाम संपला की मी शेड बंद करतेय. शहरातल्या जलतरण तलावावर पोहायला शिकवायचं काम मिळतंय मला."

"तू? तलावात?" शेपटीचे डोळे मोठे झाले. "तिथे मासे नसतात, मावशी!"

"नसतात," मावशी म्हणाली आणि तिने यंत्र पुन्हा सुरू केलं. धडधडीत पुढचं बोलणं बुडून गेलं.

मुलं धक्क्याच्या टोकाला पाय खाली सोडून बसली. ढब्बू मात्र काठापासून लांब, मांडी घालून. टिटवीसुद्धा कुजबुजत होती. असं पूर्वी एकदाच झालं होतं, तिचा दात काढला तेव्हा.

"मावशी म्हणते ते बरोबर आहे," वकील विचार करत म्हणाला. "तिने बोलून उपयोग नाही. आपण बोलूनही उपयोग नाही. आपण पोरं! कासव सगळ्यांसमोर आलं पाहिजे."

"म्हणजे कोणासमोर?"

वकिलाने धक्क्यावरच्या निळ्या दाराच्या कचेरीकडे बोट दाखवलं. तिथे बंदर अधिकारीबाई बसायच्या. बोटींचे परवाने त्यांच्याच हातात. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि त्यावरून त्या ज्याच्याकडे बघतील, त्याला काही केलेलं नसतानाही 'माफ करा' म्हणावंसं वाटायचं.

"पण एक अट," वकील म्हणाला. "आपण एक शब्दही खोटं बोलायचं नाही. खोटं बोलून खोटं पकडलं तर आपण आणि कॅप्टनकाका सारखेच!"

"मग बोलायचं काय?"

"खरंच बोलायचं. पण असं, की ऐकणाऱ्याला गोड लागेल!"

अर्ध्या तासात वकील कॅप्टनच्या टपरीसमोर उभा होता. "काका, तुमच्या कासवासारखं कासव जगात नसेल!"

"नाहीच मुळी!" कॅप्टनने मिशीला पीळ दिला.

"एवढं शिस्तीचं! रोज तीच जागा!"

"शिकवलंय मी त्याला!"

"पण काका, एक कमी आहे. अधिकारीबाईंनी ते अजून पाहिलेलं नाही. त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं ना, की तुमचं नाव गावभर होईल बघा!"

कॅप्टन हरभऱ्याच्या झाडावर चढला तो चढलाच. अधिकारीबाई पाण्यात उतरत नाहीत, त्यांना बोट लागते, त्या काय वरूनच हिरवं-हिरवं बघणार, असा हिशेब त्याने मनात केला असावा. तो स्वतःच तरातरा निळ्या दाराच्या कचेरीत गेला आणि त्यांना उद्याच्या फेरीचं आमंत्रण देऊन आला.

"येते म्हणाल्या!" तो हात चोळत परतला. "फक्त एक नियम सांगितला. बोटीवर परवानाधारक पाणबुड्या हवा. बोलवा तुमच्या मावशीला! बसेल कोपऱ्यात. तिला बिचारीला तरी कुठे काम आहे?"

हे ऐकून मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बिचारी म्हणाला? मला? येते! चांगली टाकी-बिकी लावून येते!"

सकाळी बोट निघाली. अधिकारीबाई मध्यभागी ताठ बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक आणि नाकाशी लिंबाची फोड. मावशीने त्यांच्यासाठी आपली खास बादली आणली होती. बादलीच्या तळाला काच बसवलेली. ती पाण्यावर टेकवून आत डोकावलं, की अंग न भिजवता समुद्राचा तळ दिसतो.

बादली बघून कॅप्टनची मिशी जराशी खाली आली. "बादली कशाला उगाच? कासव घाबरेल."

"कासवाला मी बघते आहे हे कळणार कसं?" अधिकारीबाई लिंबाआडून म्हणाल्या.

दोराजवळ बोट थांबली. टिटवी, शेपूट, वकील आणि काही पर्यटक पाण्यात उतरले. अधिकारीबाईंना आधी दोन मिनिटं डोळे मिटून बसायचं होतं, म्हणून बादली ढब्बूच्या हातात आली. तो पालथा पडला, बादली पाण्यावर टेकवली आणि आत तोंड खुपसलं.

आयुष्यात पहिल्यांदा तो समुद्राच्या आत बघत होता. वरून काळंनिळं, अक्राळविक्राळ दिसणारं पाणी आतून किती वेगळं होतं! उन्हाच्या तिरप्या पट्ट्या, त्यातून तरंगत जाणारे चिमुकले मासे आणि खाली ते हिरवं कासव. बसलंय शांत. हसतंय. आणि त्याच्या शेजारी दुसरं कासव.

दुसरं?

ते शांत नव्हतं. हसतही नव्हतं. पुढचे दोन पाय ते जिवाच्या आकांताने मारत होतं, थोडं वर येत होतं आणि हिसका बसून पुन्हा खाली जात होतं.

"मावशी!" ढब्बू बादलीतूनच ओरडला. आवाज आत घुमला. "मावशी, खाली खरं कासव आहे! अडकलंय! त्याला वर येता येत नाहीये!"

मावशीने बादलीत एक नजर टाकली. बस्स! दुसऱ्या क्षणी मास्क चढला, हवेच्या नळीचा रेग्युलेटर तोंडात गेला, चाकूचा पट्टा तपासला आणि ती पाठमोरी पाण्यात पडली. धप्प!

"थांबा! तिथे जायचं नाही!" कॅप्टन किंचाळला. "माझं कासव आहे ते!"

वकिलाने बोटीच्या शिडीला धरून डोकं वर काढलं. "हरकत आहे! दोघांपैकी कोणतं तुमचं, काका?"

"दोन्ही!"

"दुसरं कधी घेतलंत?"

"मुला, गप्प बैस!"

"मी पोहतोय, काका. बसू कसा?"

एव्हाना अधिकारीबाईंनी डोळे उघडले होते. त्यांनी लिंबू मुठीत धरलं, ढब्बूच्या हातातून बादली घेतली आणि आत डोकावल्या. मग त्यांनी मान वर केलीच नाही.

पाण्यात टिटवी श्वास रोखून बघत होती. नकली कासवाची साखळी दिसू नये म्हणून कॅप्टनने त्याच्याभोवती जुनं फाटकं जाळं गुंडाळलं होतं आणि त्यात शेवाळ खोचलं होतं. ते शेवाळ खायला आलेल्या खऱ्या कासवाची मान आणि मागचा एक पाय जाळ्यात गुरफटला होता. जेवढं ते ओढत होतं, तेवढा फास आवळत होता. आता त्याची धडपड मंदावली होती. पाय मारायचे, थांबायचं. पुन्हा मारायचे, आणखी थांबायचं.

शेपटीने टिटवीचा हात गच्च पकडला. मास्कच्या आत ती रडत होती.

मावशीने घाई केली नाही. तिने कासवाच्या पाठीवर हात ठेवून ते स्थिर धरलं आणि चाकूने एकेक धागा कापत गेली. मानेचा फास सुटला. मग पायाचा. मग तिने दोन्ही हातांनी त्या जड जिवाला खालून उचलून वर ढकललं.

कासव वर, वर, वर आलं! टिटवी आणि शेपूट यांच्या अगदी मधून गेलं. पाण्याबाहेर त्याचं सुरकुतलेलं डोकं निघालं आणि 'फुस्स्स' करून त्याने असा काही श्वास सोडला, की बोटीतल्या सगळ्यांनी आपोआप आपलाही श्वास सोडला. पुन्हा एक श्वास. आणखी एक. क्षणभर त्याचा काळाभोर डोळा शेपटीकडे वळला. मग त्याने पंखांसारखे पाय पसरले आणि खोल, निळ्या पाण्याकडे उडत गेल्यासारखं निघून गेलं.

पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. कॅप्टननेही वाजवल्या. "बघितलंत? दिसणार म्हणजे दिसणारच! चला, आता परत फिरू या!"

"थांबा," अधिकारीबाई बादलीतून म्हणाल्या. "तुमचं पहिलं कासव अजून जागचं हललेलं नाही. शेजारी एवढा गोंधळ झाला, तरी हसतंय."

खाली मावशी त्या हसऱ्या कासवाला निरखत होती. जाळ्याचा अर्धा भाग अजून त्याला गुंडाळलेला होता. ते तिथेच राहिलं असतं तर उद्या दुसरा जीव अडकला असता. मावशीने वर पाहिलं. टिटवीने दोन्ही हातांनी 'वर आण, वर आण' अशी खूण केली. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदाच न बोलता काहीतरी सांगितलं; आणि ते मावशीला बरोबर कळलं!

मावशीने साखळीचा आकडा काढला. कासवाच्या पोटाला मोठं भोक होतं. मावशीने आपला जादा रेग्युलेटर त्या भोकाखाली धरला आणि बटण दाबलं. गुडगुड गुडगुड गुडगुड! पोकळ कासवात हवा भरायला लागली. कासव हललं. डुललं. मग अलगद तळावरून उठलं आणि वर यायला लागलं. जसजसं वर येत होतं, तसतसा त्याचा वेग वाढत होता.

"आलं! आलं! आलं!" ढब्बू ओरडला.

बुचासारखं ते पाण्याबाहेर उसळलं! हिरवंगार अंग, लाल ओठ, कानापर्यंत हसू आणि पोटाखाली लोंबकळणारी जाडजूड स्प्रिंग! धबाक्कन पडून ते पाण्यावर डुगडुगत राहिलं, सगळ्यांकडे बघून हसत.



"कॅप्टन," अधिकारीबाईंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर सरकवला, "याच्या पोटाला स्प्रिंग आहे."

कॅप्टनने मिशी सावरली. "दुर्मीळ जात आहे, मॅडम!"

"दुर्मीळ तर आहेच," वकील शिडीवरून म्हणाला. "बागेत एकुलतं एकच होतं!"

कॅप्टनच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने एक लांब काठी उचलली आणि कासवाला पुन्हा खाली दाबायला लागला. कासव एका बाजूला दाबलं की दुसऱ्या बाजूला उसळायचं. त्याने पूर्ण अंगाचा भार टाकला. कासव सुळकन सरकलं, काठी निसटली आणि कॅप्टन मिशांसकट पाण्यात!

"वाचवा! वाचवा! मला पोहता येत नाही!"

"काय?" सगळी बोट एकदम ओरडली. कॅप्टनला पोहता येत नाही?

नाही म्हणजे नाही! हाताला लागलं त्याला त्याने मिठी मारली, आणि हाताला लागलं होतं कासव. धडपडत तो त्याच्या पाठीवर चढला. स्प्रिंग खाली हेलकावे खात होती, कासव पुढे-मागे डुलत होतं आणि त्याच्यावर कॅप्टन, बागेतल्या तीन वर्षांच्या बाळासारखा, पाय पोटाशी घेऊन डुलत होता.

अधिकारीबाई हसल्या. आधी लिंबाआड, मग लिंबू पडलं तरी. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बोट लागायची राहूनच गेली.

हसला नाही तो फक्त ढब्बू. पाण्याची भीती काय असते हे त्याच्याइतकं तिथे कोणाला ठाऊक होतं? त्याने कठड्यावरचं दोर बांधलेलं रबरी कडं काढलं, नेम धरला आणि फेकलं. ते नेमकं कॅप्टनच्या पुढ्यात पडलं.

"काका, घाबरू नका! फक्त ते धरा आणि माझ्याकडे बघा! खाली बघू नका! मी खेचतो!"

आणि ढब्बूने, ज्याने आजवर शाळेत दोरीखेच सोडून काही जिंकलं नव्हतं, कॅप्टनला एकट्याने बोटीपर्यंत खेचून आणलं.

धक्क्यावर परतल्यावर अधिकारीबाईंनी निळ्या दाराच्या कचेरीत सगळ्यांना उभं केलं. कॅप्टनच्या अंगावरून पाणी ठिबकत होतं. मिशा खाली लोंबत होत्या.

"लोकांना फसवलंत, बागेतलं कासव पळवलंत, आणि पोहता येत नसताना बोट चालवलीत," बाई म्हणाल्या. "पण मला सगळ्यांत जास्त राग आलाय तो जाळ्याचा. आज एक मुका जीव तुमच्या फलकापायी गुदमरून मेला असता."

कॅप्टन खाली मान घालून उभा होता. "मॅडम, कासवं खरंच दिसायची हो पूर्वी. मग दिसेनाशी झाली. लोक निराश होऊन जायचे. मला वाटलं, हसू आणू या जरा त्यांच्या तोंडावर. जाळ्याचं माझ्या ध्यानातच आलं नाही."

ते बहुधा खरं होतं, कारण या वेळी त्याने मिशीला पीळ दिला नाही.

परवाना जप्त झाला. परत कधी मिळणार? तर या खाडीतली सगळी टाकलेली जाळी मावशीच्या देखरेखीखाली बाहेर काढल्यावर आणि पोहायला शिकल्यावर! दोन्ही कामं मावशीवर सोपवलेली ऐकून कॅप्टनला पुन्हा घाम फुटला.

"मॅडम," मावशी म्हणाली, "मला एक सांगायचंय. या मुलांनी मला आधीच सांगितलं होतं. खोटं कासव कोणाला चावत नाही, असं म्हणून मी त्यांना गप्प केलं. चूक माझी झाली. पोरं लहान होती, पण नजर त्यांचीच मोठी निघाली."

बाहेर पर्यटकांची गर्दी जमली होती. सगळ्यांना उद्या मावशीच्या बोटीतून जायचं होतं. "कासव दिसेलच असं नाही हं," मावशीने बजावलं. "चालेल, चालेल!" लोक म्हणाले. "आम्हाला खऱ्या समुद्रात काय असेल ते दाखवा!" शेड बंद करायची गोष्ट मावशीने पुन्हा काढली नाही. आणि शेपटीने तिला ती काढूही दिली नसती!

अधिकारीबाईंनी चौघांना जवळ बोलावलं. "वकीलसाहेब, मोठे झालात की माझ्याकडे या. मला वाद घालणारी पण खोटं न बोलणारी माणसं हवी आहेत. शेपूटबाई, दोराच्या आत जायचं नाही हे खरं, पण डोळे उघडे ठेवल्याबद्दल शाबास. ढब्बूराव, दोन्ही कासवांवर तुम्ही नजर ठेवलीत आणि वर एक कॅप्टन वाचवलात. आणि तू, टिटवी…" त्या थांबल्या. "तुझ्या आईचा नंबर दे."

टिटवीने आधी शेपटीकडे पाहिलं. तिने नंबर सांगितला. बाईंनी फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"मी बंदर अधिकारी बोलतेय. तुमच्या मुलींबद्दल…"

"अगं बाई!" पलीकडून आईचा आवाज आला. "काय केलं कार्ट्यांनी? तरी मी म्हणत होते पाठवू नका! काही फोडलं का? भरून देऊ आम्ही!"

"फोडलं नाही, वाचवलं," बाई म्हणाल्या. "एक कासव आणि एक कॅप्टन. तुमच्या मुलींनी आणि त्यांच्या मित्रांनी आज जे केलं, ते माझ्या बंदरातल्या एकाही मोठ्या माणसाला सुचलं नाही. अशी मुलं वाढवल्याबद्दल तुमचे आभार मानायला फोन केला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मुली श्वास रोखून उभ्या होत्या.

"बरं," आई शेवटी म्हणाली. "ते सगळं ठीक आहे. पण दोघींनी केस नीट पुसलेत का?"